आपला श्वास आणि गावची हवा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचे रोप लावले आणि पुढे गावोगावी त्याची कलमे रुजली. अशा व्यासपीठावर श्रोत्यांना काव्य, इतिहास, प्रवासवर्णन असे काही ऐकण्याची अपेक्षा असते, हे आम्ही जाणतो. असे असूनही आम्ही श्वसनसंस्थेसारखा शाळेच्या पुस्तकातला विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. आमची बाजू एवढीच, की या तासाभरात आपणांपैकी प्रत्येकजण सुमारे नऊशे वेळा श्वास घेईल आणि त्यांतला एकही त्याच्या ध्यानात राहणार नाही. जे काम इतके बिनबोभाट चालते, त्याचा जमाखर्च कधीतरी मांडून पाहावा, असे आम्हांस वाटले.

आपल्या जुन्या योगग्रंथांत दिवसाला २१,६०० श्वास सांगितले आहेत. अजपाजप म्हणतात तो हाच. आता चोवीस तासांची मिनिटे होतात १,४४०. मिनिटाला पंधरा श्वास धरले, तर गुणाकार बरोबर २१,६०० येतो. विश्रांतीच्या स्थितीतील प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे जुन्यांचा हिशेब काही वावगा नव्हता. एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते. त्या हिशेबाने दिवसाकाठी सुमारे अकरा हजार लिटर होते. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांच्या दारात पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो डोळ्यांपुढे आणा. तसा एक टँकरभर, आणि वर थोडी अधिक, हवा आपण प्रत्येकजण रोज छातीतून फिरवून बाहेर सोडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? शरीरातील प्रत्येक पेशीत एक मंद चूल पेटलेली असते. अन्नातून आलेली साखर तेथे जळते, तिच्या ऊर्जेवर आपण चालतो, बोलतो, विचार करतो. या चुलीला प्राणवायू लागतो, आणि तिच्यातून कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निघतो. पहिला आणून द्यायचा आणि दुसरा बाहेर टाकायचा, हे श्वसनसंस्थेचे काम. यातली अडचण अशी, की घरात धान्याची कोठी असते, पाण्याचे पिंप असते, पण शरीरात प्राणवायूची कोठी नाही. सगळा मिळून दीड लिटरच्या आसपास प्राणवायू आपल्या अंगात असतो, आणि स्वस्थ बसलो तरी मिनिटाला पाव लिटर खर्च होतो. म्हणून अन्नावाचून माणूस काही आठवडे काढू शकतो, पाण्यावाचून काही दिवस. हवेवाचून चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

आता हवा कोणत्या वाटेने जाते ते पाहू. वाटेचा दरवाजा नाक. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या पाळ्यांसारखे हाडांचे कंगोरे असतात. त्यांवरील ओलसर अस्तरावरून जाताना हवा कोमट होते, ओली होते आणि तिच्यातील मोठी धूळ तेथेच चिकटते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला हे काहीच मिळत नाही. तोंड हा जेवणाचा रस्ता आहे. हवेसाठी तो अडीअडचणीचा.

नाकामागे घसा लागतो आणि येथे मोठी गंमत आहे. घसा हे आपले कल्याण जंक्शन आहे. कल्याणपर्यंत रूळ एकच, पुढे एक फाटा कसाऱ्याला जातो, दुसरा कर्जतला. घशातही हवा आणि अन्न एकाच वाटेने येतात आणि पुढे फुटतात : हवा पुढच्या नळीत, अन्न मागच्या. सांधेवाल्याचे काम घास गिळताना आपोआप होते. स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्या तोंडावर पानासारखे एक झाकण पडते आणि घास मागे सरकतो. घास तोंडात असताना हसलो किंवा बोललो, की सांधा चुकतो आणि ठसका लागतो. जेवताना बोलू नये, असे आपल्या आज्या सांगत, त्यांना स्वरयंत्राची रचना ठाऊक नव्हती. पण त्यांचे निरीक्षण पक्के होते.

स्वरयंत्राखाली चार-साडेचार इंच लांबीची श्वासनलिका. तिला कूर्चेची सोळा ते वीस कडी असतात. ही कडी पुरी गोल नसतात, मागे उघडी असतात. कारण मागे अन्ननलिका आहे आणि मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा हवी. छातीत उतरल्यावर नलिकेला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा अधिक रुंद आणि अधिक सरळ असतो. लहान मुलाच्या श्वासात गेलेला शेंगदाणा बहुधा उजव्या बाजूला सापडतो, त्याचे कारण हेच. माताभगिनींना आमची विनंती आहे, की चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. घास अडकून माणूस बोलू वा खोकू शकत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने न निघाल्यास पाठीमागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवावी आणि आत व वर असे पाच झटके द्यावेत. वर्षाच्या आतील बाळाचे पोट मात्र दाबू नये. त्याला पालथे धरून पाठीवर थापा, आणि मग उताणे करून छातीच्या मधोमध दाब. हे शिकवणारे वर्ग असतात. आपल्या नाट्यमंडळांत आणि महिलामंडळांत ते अवश्य भरवावेत.

दोन फाट्यांचे पुढे चार, चारांचे आठ, असे सुमारे तेवीस वेळा विभाजन होते. शेवटी येतात वायुकोश. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा करून द्यावी लागते. दोन्ही मिळून वायुकोशांची संख्या तीस ते अठ्ठेचाळीस कोटींच्या घरात आहे. हे सगळे कोश उलगडून पसरले, तर सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. डोंबिवलीत एवढ्या जागेचा ब्लॉक घ्यायला माणसाला उभा जन्म कर्ज फेडावे लागते. निसर्गाने तो आपल्याला छातीत घडी घालून फुकट दिला आहे. त्याची भिंत मात्र फार पातळ. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पडदा.

इतके चिमुकले ओले कोश श्वास सोडताना एकमेकांना चिकटून मिटून कसे जात नाहीत? त्यांच्या अस्तरावर साबणासारखे एक द्रव्य असते, ते पाण्याचा ताण कमी करते. ते तयार होण्याआधीच जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घेणे जड जाते, हे मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९५९ साली दाखवून दिले. आज हे द्रव्य बाळाच्या श्वासनलिकेत घालता येते, आणि एरवी न वाचणारी कितीतरी बाळे त्यामुळे वाचतात.

आता हवा आत जाते कशी? पुष्कळांची समजूत असते, की फुप्फुस स्वतः फुगते आणि हवा ओढते. तसे नाही. फुप्फुसाला स्वतःला फुगवणारा एकही स्नायू नाही. लोहाराचा भाता आठवा. लोहार भात्यात हवा कोंबत नाही. तो भाता ताणून मोठा करतो आणि हवा आपण होऊन आत शिरते. छातीच्या तळाशी घुमटासारखा एक स्नायूचा पडदा आहे, त्याला आपण श्वासपटल म्हणू. तो आकुंचन पावला, की घुमट सपाट होतो. त्याच वेळी बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात. छातीची पोकळी वाढते, आतला दाब उतरतो, बाहेरची हवा आत येते. श्वास सोडताना बहुधा काहीच करावे लागत नाही. ताणलेले फुप्फुस रबरासारखे पूर्वस्थितीवर येते.

याचा प्रत्यय आपल्याला घेता येतो तो सकाळच्या लोकलमध्ये. डोंबिवलीला गाडीत शिरलेल्या माणसाच्या बरगड्यांना चारी बाजूंनी खांदे आणि पिशव्या टेकलेल्या असतात. फुलायला जागा नसते. तरीही तो ठाण्यापर्यंत जिवंत पोहोचतो, कारण श्वासपटल खालच्या बाजूला पोट रेटून आपले काम चालू ठेवते. परंतु या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. अशा वेळी माणसे बहुतेक तुडवली गेल्याने मरत नाहीत. छातीवरच्या दाबाने श्वासच आत घेता येत नाही म्हणून मरतात. आजूबाजूला मोकळी हवा असते, पण भाता हलत नाही. गर्दी दाटू लागली की दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरावेत, म्हणजे बरगड्यांपुढे चार बोटे जागा राहते. ही गोष्ट आपल्या भागातील प्रत्येक मुलाला शाळेतच शिकवली पाहिजे.

आत आलेल्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो, बाहेर जाणाऱ्या हवेत सुमारे १६. म्हणजे आपण सोडलेल्या श्वासातही दुसऱ्याला पुरेल एवढा प्राणवायू उरतो. तोंडाने तोंडात श्वास देऊन बेशुद्ध माणूस जगवता येतो तो यामुळेच. तांबड्या रक्तकणांतील हिमोग्लोबिन हा प्राणवायूचा हमाल. वायुकोशाजवळून जायला रक्तकणाला पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यात तो बोजा उचलतो. हा हमाल प्रामाणिक आहे, पण त्याला एक खोड आहे. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढ त्याला कार्बन मोनॉक्साइडची. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर पेटवला, किंवा थंडीत खोली बंद करून सिगडी ठेवली, की हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तकण त्यालाच धरून बसतात आणि माणूस झोपेत जावा तसा जातो. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. एवढे एक वाक्य आपण घरी नेले तरी आमचे येणे सार्थकी लागले.

श्वास घेण्याची आठवण आपल्याला कोण देते? मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, लंबमज्जा नावाचा भाग आहे. तेथील पहारेकरी रक्तातला कर्बवायू सतत मोजत असतो. २०२२ साली नवे मार्ग होईपर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात. बोगदा साधारण सव्वा किलोमीटरचा. मुलांत पैज लागे, की बोगद्यात शिरताना श्वास धरायचा तो उजेड दिसल्यावर सोडायचा. ज्यांनी ही पैज मारली असेल त्यांना अर्ध्या वाटेवरची तगमग आठवेल. ती तगमग प्राणवायू संपल्याची नसते, तो अजून पुष्कळ असतो. कर्बवायू वाढल्याची ती ओरड असते. इच्छेने श्वास रोखता येतो, पण पहारेकऱ्याचा हट्ट अखेर इच्छेवर मात करतो. हृदयावर आपला ताबा नाही, जठरावर नाही. श्वासावर मात्र थोडका ताबा आपल्याला दिलेला आहे. त्यावरच गाणे आहे, बोलणे आहे, प्राणायाम आहे, आणि हे व्याख्यानही.

येथवर रचना आणि कार्य झाले. आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्याकडे येतो. अन्न आपण निवडून खातो, पाणी उकळून पितो. हवा निवडता येत नाही. फुप्फुस हा शरीराच्या आत असूनही जगाला कायम उघडा असलेला अवयव आहे. शरीराने राखण ठेवली आहे, नाही असे नाही. नळ्यांच्या अस्तरावर चिकट श्लेष्मा असतो, आणि त्याखाली सूक्ष्म रोमके झाडूवाल्यांसारखी तो अखंड वर ढकलत असतात. खोकला आणि शिंक आहेत. वायुकोशांत धूळ गिळून टाकणाऱ्या पेशी आहेत. विडी-सिगारेटचा धूर या झाडूवाल्यांना लुळे करतो. ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला म्हणजे तुंबलेला कचरा काढण्याची धडपड. आणि धूर फक्त ओढणाराच घेत नाही. बिऱ्हाडातल्या बायकामुलांनाही त्यात वाटा मिळतो, त्यांनी मागितलेला नसताना.

कण जितका बारीक तितका तो खोल जातो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याइतके, थेट वायुकोशांत उतरतात. दगड फोडणाऱ्याच्या छातीत गारेची धूळ अशीच उतरते आणि फुप्फुसाला वण पडत जातात. ते वण कोणत्याही औषधाने जात नाहीत. कापसाच्या धुळीचा विकार पिंजण-कताईच्या खात्यांत अधिक आणि मागावर कमी, पण तेथेही तो आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, ही त्याची पहिली खूण. भिवंडीच्या मागांवर पोट असलेल्या कुटुंबांनी ती ओळखून ठेवावी.

डोंबिवलीकरांना वेगळे सांगायला नको. २०१४ च्या जानेवारीत येथे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. या गोष्टी डोळ्यांना दिसल्या, म्हणून वर्तमानपत्रांत आल्या. रस्त्याला रंग न चढवता जो वायू रात्री येतो, त्याची बातमी होत नाही; ती फक्त दम्याच्या रोग्याला कळते. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला बांधकामाची धूळ आहे, कल्याणला कचरा पेटल्याचा धूर आम्ही वर्षानुवर्षे पाहिला. १९५२ च्या डिसेंबरात लंडनला धुरकट धुक्याने हजारो माणसे मेली, तेव्हा कोठे चार वर्षांनी तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. आपल्याकडे कायदा १९८१ पासून आहे. त्याची आठवण करून देणारे नागरिक कमी आहेत.

हवा सर्वांची सामाईक असते, याचा दुसरा दाखला कल्याणच्याच एका लेकीचा आहे. यमुना जोशी हिचे बालपण कल्याणात गेले. पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून सारे जग तिला ओळखू लागले. १८६५ चा जन्म. १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिका. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी. पदवी. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. तेथे रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाला बावीस वर्षेही पुरी नव्हती.

या घटनेतली बोच अशी, की रोगाचे कारण तोवर कळलेले होते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला होता. शत्रूचे नाव ठाऊक होते, शस्त्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी जवळजवळ साठ वर्षे जायची होती. आज शस्त्रही आहे. साध्या क्षयावर साधारण सहा महिन्यांचा औषधोपचार पुरतो आणि तो सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो. तरी जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. कारण हा जंतू खोकल्यासरशी हवेत येतो आणि कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतो. दाटीवाटीची खोली, बंद खिडकी, अर्धपोटी शरीर आणि मध्येच सोडलेली औषधे यांवर तो जगतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. त्यात लाज नाही. लाज वाटायची असेल, तर रोग्याचे भांडे वेगळे करणाऱ्या आणि खिडकी मात्र बंद ठेवणाऱ्या शेजाऱ्याने वाटून घ्यावी. भांड्याने हा रोग पसरत नाही.

२०२०-२१ च्या साथीत आपण घरोघरी बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा वाचला आणि सिलिंडरसाठी रात्री वणवण केली. एका माणसाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत जातो, हे आपण तेव्हा शिकलो. साथ ओसरली तसे ते विसरूही लागलो.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. घरात खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवाव्यात. कचरा आणि पालापाचोळा जाळू नये, दुसऱ्याला जाळू देऊ नये. इमारत बांधणाऱ्याने हिरवे कापड लावले की नाही, पाणी मारले की नाही, हे सोसायटीने विचारावे. रात्री उग्र वास आला तर तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, आणि दहा घरांनी मिळून लेखी तक्रार करावी. एकट्याचे नाक कोणी ऐकत नाही, दहा नाकांची नोंद घ्यावी लागते. निवडणुकीत रस्ते आणि पाणी यांविषयी आपण उमेदवाराला विचारतो, त्याच बैठकीत हवेचाही एक प्रश्न विचारावा.

एक शेवटची गोष्ट. आम्ही बोलू लागल्यापासून मागच्या रांगेत दोन-तीन श्रोत्यांना डुलकी लागली आहे. त्याचा दोष आम्ही नाकारत नाही. पण तो सगळाच वक्त्याचा नाही. बंद सभागृहात इतक्या माणसांनी तासभर सोडलेला कर्बवायू साचला, की डोके जड होते. डावीकडच्या तीन खिडक्या बंद आहेत. स्वयंसेवकांनी त्या कृपा करून उघडाव्यात, म्हणजे प्रश्नोत्तरांना आपण सगळे जागे असू.